शालनमावशीला सांगायची राहिलेली बाग

बातमी आली तेव्हा मी हसत होते. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं लिहायचा धीर व्हायचा नाही. हंगेरीत, सईच्या छोट्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात मी आजींची सकाळची पेज ढवळत होते. खिडकीखालच्या गरम पाइपवर टिश्यू पेपर पसरून त्यावर द्राक्षाचे सुरकुतलेले मूठभर मणी वाळत घातले होते, आणि मी मनातल्या मनात शालनमावशीला एक गोष्ट सांगत होते. कुठल्या वाक्याला ती कपाळावर हात मारून घेईल, कुठल्या वाक्याला पदर तोंडात धरेल, हे ठरवत एकटीच हसत होते. तेवढ्यात वहिनी, ज्यांच्याकडं मी कामाला आहे त्या, दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात फोन होता, तो कानाला न लावता त्यांनी छातीशी धरला होता. "नंदा, शेगडी बंद कर," म्हणाल्या. मला वाटलं पेज करपली. मी म्हटलं, "अजून जरा पातळ आहे, वहिनी..." त्यांनी स्वतःच पुढं होऊन बटण फिरवलं आणि माझे दोन्ही हात धरले. सिंगापूरहून दादांचा फोन होता. मावशी सकाळी उठली नाही म्हणून त्यांनी तिच्या खोलीचं दार वाजवलं. अँब्युलन्स आली, हॉस्पिटलात नेलं... पण झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं.

शालनमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. तासगावच्या बाजूला आमचं गाव, तिथं तिचं आणि माझ्या आईचं घर एकाच गल्लीत. दोघी मिळून द्राक्षाच्या बागांत विरळणीला, घडातले जादा मणी काढायला जायच्या, उन्हाळ्यात द्राक्षं वाळवायच्या शेडवर बेदाणा निवडायला बसायच्या. मावशीचा नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, सुवर्णा. तिला आजीपाशी ठेवून मावशी पुण्यात एका घरी स्वयंपाकाला राहिली, आणि त्या घरातल्यांना सिंगापूरची नोकरी लागली तेव्हा त्यांनी तिलाही बरोबर आणलं. ते घर म्हणजे दादा-वहिनींचं, आता सिंगापुरात बुकित तिमाह भागातल्या कॉन्डोतलं. सई, त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. मावशीच्या हातची धपाटी खाऊन मोठी झाली आणि आता हंगेरीत डॉक्टरकी शिकते. पुढं दादांच्या आईला अर्धांगाचा झटका आला. आजी खुर्चीला खिळल्या, बोलणं जवळजवळ गेलं, घरात आणखी एक बाई हवी झाली. वहिनी एजन्सीत चौकशी करत होत्या. मावशीनं त्यांना सांगितलं, "माझी एक पोरगी हाय गावाकडं. लै शिकलेली न्हाई. पर दुखणाईत माणसाला हात कसा लावायचा ते तिला कळतंय." तिच्या या एका शब्दावर मी विमानात बसले. माझी दोन मुलं आज आईकडं राहून शाळेत जातात, त्यांच्या अंगावर धड कपडे आहेत, ते त्या एका शब्दामुळं.

माझी स्वतःची शाळा आठवीनंतर सुटली. आई आजारी पडली, घरातले विरळणीला जाणारे दोन हात कमी झाले, तिथं माझे लागले. त्याची मला फार लाज वाटायची. पण इथं कामाला येणाऱ्या बाईला परमिटसाठी आठ वर्षांची शाळा लागते, आणि माझी नेमकी तेवढीच निघाली. मावशी म्हणाली, "बघ, मास्तरनं तुला मापात शिकवलंय. एक वरीस जास्त न्हाई, एक कमी न्हाई." विमानतळावर मला घ्यायला ती वहिनींबरोबर आली होती. मी तोंड उघडं टाकून सगळीकडं बघत होते. तिनं मला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही, फक्त म्हणाली, "तोंड मिट. माश्या न्हाईत हितं, पर मिट."

मी आधीपासूनच भित्री. इथं आल्यावर तर कशाचीही भीती वाटायची. लिफ्ट मध्येच थांबेल, रस्ता चुकीच्या जागी ओलांडला म्हणून कोणी धरेल, दर सहा महिन्यांनी होणाऱ्या मेडिकलमध्ये काहीतरी निघेल आणि परत पाठवतील. आजींना आंघोळ घालताना हात निसटला तर... या विचारानं झोप लागायची नाही. मी माझी कपड्यांची पिशवी रोज भरून पायाशी ठेवायची. काढलंच कामावरून तर उगाच आवराआवर करत बसायला नको. मावशीला ते एक दिवस दिसलं. "कुठं निघालीस गं?" मी खरं ते सांगितलं. तिनं पिशवी उलटी केली, कपडे माझ्या फळीवर लावले आणि रिकामी पिशवी काखेत मारून टेक्काच्या मंडईला निघून गेली. आली ती त्यात कांदे भरून. त्या पिशवीला शेवटपर्यंत कांद्याचा वास राहिला, आणि मला ती परत भरता आली नाही.

आमच्या दोघींची खोली स्वयंपाकघराच्या मागं. बंकबेड, खाली मावशी, वर मी. रविवारी दुपारी सईचा व्हिडिओ कॉल यायचा. वहिनींशी बोलून झालं की ती म्हणायची, "मावशीला दे ना." असंच एकदा तिनं फोटो पाठवला. मित्रमैत्रिणींबरोबर ती कुठल्याशा जुन्या गावाला गेली होती. गावामागं टेकडी आणि टेकडीवर, पार वरपर्यंत, द्राक्षाची बाग. मावशीनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "ही बाग? एवढ्या चढावर? पाणी कसं देत्यात गं, सई? औषध मारायचा ट्रॅक्टर कसा जातोय?" सईला काय माहीत! ती सिंगापुरी थाटात म्हणाली, "मावशी, आय डोन्ट नो ला! तूच ये आणि बघ." मावशी म्हणाली, "येते की." वहिनी हसल्या. पण मावशी हसत नव्हती. गावाचं नाव तिनं दोनदा विचारून घेतलं. टोकाय. "देवीचं नाव असल्यागत वाटतंय," म्हणाली. तेव्हापासून तिच्या बोलण्यात ते गाव येतच राहिलं. भाजी निवडताना मध्येच म्हणायची, "नंदे, त्या टोकायला वेलींना मांडव नसणार. चढावर मांडव कसा उभा राहील? तारच असणार." ज्या बागांतून ती सुटून आली, ज्यांच्यातल्या औषधानं तिच्या बोटांची कातडी गेली, त्या बागांची तिला एवढी ओढ का होती, मला कळायचं नाही. मी तर बाग विसरायलाच इथं आले होते.

या वर्षी ठरलं. दिवाळीआधी आजींना घेऊन सईकडं जायचं. आजींना नातीचं घर बघायचं होतं, आणि पुढच्या वर्षी त्यांना विमानात बसवता येईल का, कोणी सांगावं! आजींचं सगळं करायला एक बाई बरोबर न्यायची. दादा कामामुळं इथंच राहणार. वहिनींनी सरळ सांगितलं, "शालनताई, तुम्हीच चला. तुमची बाग बघायची आहे ना?" मावशीचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. दोन दिवस ती घरात गुणगुणत फिरत होती. आणि तिसऱ्या दिवशी चहा देताना वहिनींना म्हणाली, "वहिनी, नंदीला न्या." वहिनींना वाटलं तब्येत बरी नाही. "तब्येतीला काय झालंय? पर चढ हाय तिथं. आजींची खुर्ची मी ढकलणार का खुर्ची मला? ही तरणी हाय. आन् माझी आता साठी आली. परमिट संपलं की मी जातेच गावाला, मरंस्तवर बागाच बघायच्यात. हिला कवा बघाय मिळणार परदेश?" मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मी म्हटलं, "न्हाई मावशे, तूच जा." परत एकदा म्हटलं. तिनं "गप गं" म्हणून हात उडवला. मग मी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. मनातून मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिसरा नकार तोंडातून निघालाच नाही. निघताना तिनं मला खाली गाडीपाशी एकच सांगितलं, "नुसतं फिरू नको. नीट बघून ये. आल्यावर मला सगळं सांगायचं."

टोकाय हे एवढंसं गाव. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळ्या-गुलाबी भिंतींची जुनी घरं, घोडागाडी आत जाईल असे कमानीचे दरवाजे. घराघराखाली तळघरं कोरलेली, तिथं पिढ्यान् पिढ्या दारूची पिंपं मुरत ठेवलेली. खांबांवर करकोच्यांची घरटी होती, रिकामी. थंडी यायच्या आधीच ते दूर दक्षिणेकडं जातात, असं सई म्हणाली. गावाच्या कडेला दोन नद्या एकमेकींना मिळतात. आमच्याकडं हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते ना, तशाच शांत, काही गाजावाजा न करता. आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही नद्यांवर धुकं होतं आणि ते हळूहळू टेकडीवर चढत बागेत शिरत होतं.  धुकं पडलं की बुरशीच्या भीतीनं आमच्याकडं बागायतदाराची झोप उडते, दिवस उगवायच्या आत औषधाचे ट्रॅक्टर सुरू होतात. इथं एकही ट्रॅक्टर सुरू नव्हता. मला वाटलं, या लोकांना कोणी सांगितलं नाही की काय!

ऊन पडल्यावर वहिनी आणि सई एक तळघर बघायला गेल्या. खाली पायऱ्या, आजींची खुर्ची जाईना. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, आम्ही दोघी उन्हात बसतो. रस्ता संपतो तिथूनच बाग सुरू होत होती. आजींच्या पायांवर शाल टाकली, खुर्चीचा ब्रेक लावला आणि पहिल्या ओळीतल्या वेलीकडं बघितलं. माझा जीव कळवळला. घडातले निम्मे मणी सोन्यासारखे, आणि निम्मे तपकिरी, चिपाड झालेले, वर राखाडी बुरशी. सगळ्या घडांची तीच गत. आमच्याकडं घडात एक कुजका मणी दिसला तर तो आधी काढतात, नाहीतर घड जातो, घडामागं वेल जाते. एवढी वर्षं मी बागेत पाऊल टाकलं नव्हतं, पण बोटं थांबली नाहीत. कात्री नव्हती, नखांनीच काढायला लागले. एक घड साफ केला, दुसरा केला... कुजके मणी खाली टाकत गेले. काय बरं वाटत होतं सांगू! त्या मोठ्या परक्या देशात हे एकच काम असं होतं की ते मला येत होतं. चार-पाच घड झाल्यावर मागं वळून म्हटलं, "बघा आजी, कसं लख्ख झालं!"

तेवढ्यात वरच्या ओळीतून एक बाई धावत खाली आली. डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट, कमरेला छोटी बादली. "नेम! नेम!" ओरडत होती. शब्द कळला नाही तरी नको म्हणतेय हे कळलं. माझ्या डोळ्यांपुढं पोलीस, व्हिसा, परमिट, सगळं एकदम उभं राहिलं. मी हात जोडून म्हटलं, "सॉरी, सॉरी, आय क्लीन." ती खाली बसली आणि मी टाकलेले मणी मातीतून एकेक वेचायला लागली. मग बादली माझ्यापुढं धरली. बादलीत सगळे सडकेच मणी. चांगले वेलीवर तसेच सोडलेले, आणि सडके जपून, एक एक करून वेचलेले! मला काही कळेना. तिनं त्यातला एक मणी पुसला आणि सरळ माझ्या तोंडात घातला. शेडवर बेदाणा पुरता वाळायच्या आधी, आत जरा ओला असतो तेव्हा चोरून खाल्लाय का कुणी? तसला गोड, आणि वर मधाचा वास, आणि शेवटी जिभेला आंबट चिमटा. माझं तोंड बघून ती खदाखदा हसली. वर बघून ओरडून तिनं बाकीच्यांना काहीतरी सांगितलं, तशा ओळीओळीतून बायका हसल्या. आणि माझ्या मागून स्वच्छ आवाज आला, "वेडी." आजी बोलल्या होत्या. त्या बाईनं जाताना मूठभर मणी माझ्या हातात कोंबले.

वहिनी आणि सई वर आल्या तेव्हा सईनं कपाळाला हात लावला. "अय्यो नंदाताई! दॅट वन इज द होल पॉइंट ला!" मग तिनं सांगितलं. नद्यांचं धुकं आणि दुपारचं ऊन मिळून ही बुरशी येते, मणी आतल्या आत आटतो, आणि त्याच मण्यांची इथली गोड दारू सगळीकडं नावाजलेली. हे लोक धुक्याची वाट बघत बसतात. मी ऐकलं आणि पहिला विचार आला तो मावशीचा. तासगावची बाई एवढ्या लांब जाऊन सगळ्यात मोलाचे मणी नखानं काढून मातीत टाकते आणि वर म्हणते, लख्ख झालं... ही गोष्ट तिलाच सांगायला पाहिजे, दुसऱ्या कोणाला तिची गंमत कळायची नाही.

परत येताना गाडीतूनच तिला फोन लावला. तिकडं निजायची वेळ झाली होती, ती खालच्या बेडवर आडवी होती. "बघितलीस का बाग?" तिनं पहिलं तेच विचारलं. "बघितली." "मांडव का तार?" "तारच हाय. तू म्हणालीस तसंच." "मग? सांग की फुडं." मी म्हटलं, "मावशे, लै मोठी गंमत झालीया. पर आत्ता न्हाई सांगणार. आल्यावर सांगते. तुझं तोंड बघत सांगायचंय मला." ती म्हणाली, "तोंड बघायला मी काय नवी नवरी हाय का? सांग, सांग." मी म्हटलं, "न्हाई. आल्यावर." "बरं बाई, ठेव राखून. मला बी आज जरा दमल्यागत झालंय. पडते." आणि तिनं फोन ठेवला. आजींना गाडीत उलटी येईल की काय या काळजीत मी होते. दमल्यागत म्हणजे काय, कुठं दुखतंय का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बातमी आल्यावर आम्ही मिळेल त्या विमानानं निघालो. ते वाळत घातलेले मणी मी टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये घेतले होते, का ते माहीत नाही. अर्ध्या वाटेत भीती वाटायला लागली. सिंगापूरला फळ आणलेलं चालतं की नाही, तपासलं तर काय सांगणार... आजी शेजारी झोपल्या होत्या. मी एकेक करून सगळे मणी खाल्ले. मावशीसाठी आणलेले. आणि ते गोड लागले. त्याची मला जितकी लाज वाटते तितकी आणखी कशाची वाटत नाही.

घरी पोचलो तेव्हा मावशी नव्हती. दादा तिला घेऊन गावाकडं गेले होते, सगळं तिथंच झालं. तिचं तोंड मला बघायला मिळालं नाही. त्यानंतर या घरात प्रत्येकाच्या डोक्यात एकच चाललेलं असतं आणि कोणी कोणाला सांगत नाही. वहिनी नोव्हेनाच्या हॉस्पिटलात आजींच्या डॉक्टरांकडं गेल्या तेव्हा शेवटी उठताना त्यांनी मावशीचं विचारलंच. आधी कळलं असतं का? ते म्हणाले, सांगता येत नाही. गाडीत बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "तिलाच न्यायला हवं होतं गं." त्या मला उद्देशून बोलल्या नव्हत्या, पण मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या रात्री दादा भिंतीपलीकडच्या खोलीत झोपले होते, त्यांचं त्यांना लागलंय. वहिनी म्हणतात, "नंदा, आता तू खाली झोपत जा, वर चढायला नको." मी हो म्हणते आणि वर चढते. खालची गादी रिकामी आहे. प्रवास तिचा घेतला, आता गादीही घ्यायची...

सुवर्णाला मी फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? तुझ्या आईच्या जागी मी गेले, ती इथं एकटी गेली, हे तिला माहीत होतं. शेवटी परवा तिचाच आला. ती आता तासगावला बेदाण्याच्या शेडवर असते, मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. "नंदाक्का, तू फोन का करंनास?" मी म्हटलं, "कसा करू गं... तिच्या जागी मी गेले." "व्हय, गेलीस. ती रोज सांगायची मला, नंदी बघून येणार हाय म्हणून. मग काय बघितलंस ते तरी सांग की मला." मला सांगायचं नव्हतं. ती गोष्ट मी दुसऱ्या कोणासाठी राखली होती. पण तिच्यावाचून दुसरं कोण उरलंय? मी सगळं सांगितलं. धुकं, बुरशी, नखं, बादली, आजींचं "वेडी." सांगताना मलाच हसू फुटलं, आणि मग मी थांबले. पलीकडं ती हसेल म्हणून वाट बघत राहिले. तिथं नुसता गलका.

"आई हसली नसती," सुवर्णा म्हणाली.

"मग?" मी विचारलं.

"तिनं आधी इचारलं असतं, त्या बायका जेवायला कुठं बसत्यात? सावली हाय का तिथं? तुला ठाव न्हाई, नंदाक्का. आपण दोघी बी तवा लहान होतो, मला हितल्या बायकांनी सांगितलं. ह्याच शेडवर मालक बायकांना रस्त्याकडंला उन्हात जेवाय बसवायचा. एक दिस आईनं सगळ्यांचे डबे गोळा केले आन् त्याच्या ओसरीवर नेऊन मांडले. तो बाहेर आला तर ही म्हणती, 'या मालक, बसा जेवायला.'" एवढं बोलून मात्र सुवर्णा हसली. हसता हसता रडायला लागली. मग मीही.

फोन ठेवल्यावर मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्या बाईचा रुमाल आठवला, बूट आठवले, मण्याची चव तर आठवतेच. पण त्या बायका कुठं बसून जेवत होत्या? सकाळपासून चढावर वाकलेल्या, त्यांना टेकायला काही होतं का? मी बघितलंच नव्हतं. मावशी जिवंत असती, मी तिच्यासमोर बसून सगळी गंमत सांगितली असती, तरी तिच्या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी मनातल्या मनात जी हसवत होते ती मावशी माझ्या सोयीची होती. खरी मावशी मला चांगली माहीत होती. कॉन्डोच्या भिंतींना रंग द्यायला दोरावर लटकणारी माणसं असोत, लॉबीत पुसायला येणारी म्हातारी चिनी बाई असो, ही थांबायची आणि आपल्या तोडक्या इंग्लिशमध्ये विचारायची, "यू ईट वेअर? सिट वेअर?" मग डब्यात काय आहे तेही बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोणी तक्रार केली तर, म्हणून मी तिचा हात ओढायची, "चल की मावशे." आणि ती म्हणायची, "थांब गं, त्याचं सांगून होऊ दे."

काल दुपारी आजींना खाली फिरवायला नेलं होतं. गवत कापणारे आले होते, मशीन बंद करून जेवायला गेले असावेत. जिन्याखाली, कचऱ्याच्या खोलीशेजारी एक माणूस पायरीवर बसला होता, मांडीवर डबा. मी खुर्ची ढकलत पुढं गेले असते. पण तोंडातून निघून गेलं, "यू ईट वेअर?" तो खातच होता, काय वेडा प्रश्न! तो दचकून उठला. तक्रार करायला आलेय असं त्याला वाटलं. डब्याला घाईघाईनं झाकण लावत म्हणाला, "सॉरी मॅडम, आय गो, आय गो." मला मॅडम आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "नो, नो. सिट. बैठो." तो उभाच. पलीकडं पोहायच्या तलावाच्या कडेला छत्रीखाली टेबलखुर्च्या रिकाम्या होत्या. मावशीनं त्याचा डबा उचलून सरळ तिथं नेऊन ठेवला असता. माझा हात काही उचलला नाही. तेवढं बळ माझ्यात नाही, आणि आता येईल असंही वाटत नाही. मग मी आजींची खुर्ची सावलीत घेतली, ब्रेक लावला आणि त्याच पायरीवर एका कडेला बसले. मी बसले तेव्हा तोही बसला.  डब्यात काय आहे हे विचारायला मी शब्द जुळवत होते, तोवर त्यानंच झाकण काढून डबा माझ्यापुढं धरला. डाळ, भात आणि वर एक तळलेली मिरची. एवढं मात्र मी नीट बघून ठेवलं.